कॅबिनेट घ्यायच्या आधी ते कसं तपासायचं, काय चांगलं, काय कच्चं आणि नंतर काय सुधारता येतं

असेंबल पीसी घेताना बहुतेक जण सगळा वेळ प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डवर घालवतात आणि कॅबिनेट, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसतात तो डबा, शेवटी उरलेल्या पैशात, दुकानात जे जास्त चमकतंय ते उचलतात. मला हे अजिबात पटत नाही कारण अख्ख्या पीसीत सगळ्यात जास्त वर्षं टिकणारा पार्ट हाच आहे. इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटसाठी एटीएक्स हे ठरलेलं माप १९९५ मध्ये आणलं आणि आजही मदरबोर्डाची स्क्रूची भोकं, मागच्या स्लॉटमधलं अंतर, एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) रुंदी-उंची तीच चालू आहे. म्हणजे आज नीट बघून घेतलेल्या कॅबिनेटमध्ये पुढचे दोन-तीन मदरबोर्ड आरामात बसतात, प्रोसेसर मात्र चार-पाच वर्षांत जुना वाटायला लागतो.

आणि एक आधीच सांगतो, सगळं चांगलं असलेलं कॅबिनेट नसतंच. प्रत्येकात काहीतरी कमी असतं, ती कमी नंतर भरून काढता येईल का कायमची गळ्यात पडेल एवढंच बघायचं. फॅन बदलता येतो, धुळीचा फिल्टर लावता येतो, पॉवरचं बटण खराब झालं तरी उपाय आहे. पण पातळ पत्रा, हवा न घेणारा बंद फ्रंट, कमी रुंदी आणि केबलला जागाच नसणं हे पैसे टाकूनही सुटत नाही. खालची प्रत्येक पायरी याच हिशोबाने लिहिली आहे. उदाहरण म्हणून मी कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो घेतोय, २०२० मध्ये आलेलं, खूप विकलं गेलेलं आणि त्याच्या जमेच्या आणि कच्च्या बाजू दोन्ही स्पष्ट दिसतात म्हणून. तुम्ही घेत असलेल्या कुठल्याही कॅबिनेटला हेच लावून बघा.

पायरी १ : आधी पार्टची मापं लिहून काढा

कॅबिनेट बघायला जायच्या आधी कागदावर चार मापं लिहा. मदरबोर्डाचा साइज, ग्राफिक कार्डची लांबी, प्रोसेसरच्या कूलरची उंची आणि एसएमपीएसची लांबी. फुल एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७० मिमी. बाकीची मापं त्या त्या पार्टच्या कंपनीच्या साइटवर मिळतात, दुकानदाराच्या 'बसतं हो सगळं' वर जाऊ नका.

४०००डी मध्ये ३६० मिमीपर्यंतचं कार्ड आणि १७० मिमी उंचीपर्यंतचा कूलर बसतो. म्हणजे डीपकूलचा एके४०० (१५५ मिमी) तर सोडाच, नॉक्टुआचा एनएच-डी१५ (१६५ मिमी) सुद्धा बसतो. बाजारात मिळणारी बरीच स्वस्त कॅबिनेट १५० ते १६० मिमीच्या मध्ये कुठेतरी असतात आणि इथेच लोक फसतात, कूलर घरी येतो, बसतो, आणि काच लागतच नाही.

समोर रेडिएटर (पाण्यावर चालणाऱ्या कूलरची जाळी) लावायचा असेल तर ग्राफिक कार्डच्या जागेतून त्याची जाडी वजा करायची. साधा रेडिएटर २७ मिमी आणि त्यावरचा फॅन २५ मिमी, झाले ५२ मिमी. काही कंपन्या कार्डची जागा पुढचे फॅन धरून सांगतात, काही न धरता, त्यामुळे १० मिमीच्या आत मामला असेल तर ते कॅबिनेट सोडून द्या. वर रेडिएटर लावणार असाल तर रॅमची उंची पण बघा, मोठ्या हीटसिंकवाली रॅम वरच्या फॅनला अडते आणि हे पेपरवर कुठेच दिसत नाही.

रुंदीकडे कोणी बघत नाही आणि आताच्या मोठ्या कार्डांमध्ये तीच अडते. नवीन १६ पिनचं पॉवर कनेक्टर असलेलं कार्ड असेल तर केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ जाऊन मग वळली पाहिजे, काचेने ती दाबली जाऊन कनेक्टरपाशीच वाकली तर पिनांवर ताण येतो आणि गरम होऊन वितळायचा धोका वाढतो. म्हणून कार्डची उंची (मदरबोर्डापासून काचेकडे येणारं माप) अधिक ३५ मिमी एवढी जागा काचेच्या आत पाहिजेच.

पायरी २ : समोरचं तोंड बघा, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा

मला एकच गोष्ट तपासून कॅबिनेट निवडायला सांगितलं तर मी फ्रंट पॅनेल बघेन. समोर तीन फॅन दिसतात, रंगीत लाइट आहेत, पण त्यांच्यापुढे अखंड काच किंवा ॲक्रिलिक आहे आणि बाजूला बोटभर फट, तर ते फॅन हवा कुठून ओढणार? आत गरम झालेली हवाच फिरत राहते, कार्डचे फॅन जोरात पळतात, आवाज वाढतो आणि मग लोक म्हणतात कार्ड खराब आहे.

४०००डी याबाबतीत चांगलं उदाहरण आहे कारण कॉर्सेअरने एकाच सांगाड्यावर दोन मॉडेल काढली, साधं ४०००डी बंद फ्रंटचं आणि एअरफ्लो जाळीच्या पत्र्याचं. आतला पत्रा, जागा, स्क्रू सगळं तेच, फरक फक्त तोंडाचा. शांत हवं असेल आणि आतले पार्ट कमी वॉटचे असतील तर बंद फ्रंटही चालतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याला खोलीतच ३८-४० डिग्री असते, तिथे गेमिंग किंवा एडिटिंगचा पीसी बंद फ्रंटमध्ये ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. फ्रंट पॅनेल काढायला सांगा, मोबाइलचा टॉर्च आतून लावून समोरून बघा. उजेड भरपूर येत असेल तर हवाही येईल. आधी मोठ्या भोकांचा पत्रा, मग फोम, मग आणखी बारीक जाळी असं तीन पदरी असेल तर ते बंद फ्रंटच समजा. आणि पॅनेल काढताना प्लास्टिकच्या क्लिपा करकरतात का ते बघा, कारण धूळ काढायला हेच पॅनेल तुम्हाला वर्षातून कितीतरी वेळा काढायचंय आणि क्लिप तुटली की पॅनेल कायम खडखडत राहतं.

पायरी ३ : फॅन किती आणि कसे जोडलेत

४०००डी एअरफ्लोबरोबर १२० मिमीचे दोनच फॅन येतात, एक पुढे एक मागे, आणि ते ३ पिनचे. ही कमजोरी आहे पण सुटणारी. ३ पिन फॅन मदरबोर्डाला लावून बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा, म्हणजे फॅन लावायच्या पिनांचा, मोड डीसी केला की स्पीड कमी-जास्त होतो. पुढे अजून एक-दोन फॅन लावले की काम झालं, तीन १२० चे किंवा दोन १४० चे बसतात. पहिला जादाचा फॅन पुढे खालच्या बाजूला, ग्राफिक कार्डच्या समोर लावा.

खरी अडचण स्वस्तातल्या 'सहा फॅन आणि रिमोट फ्री' वाल्या कॅबिनेटची असते. त्यातले बरेचसे फॅन कंपनीच्या स्वतःच्या सहा पिनच्या कनेक्टरने एका छोट्या कंट्रोलरला जोडलेले असतात आणि तो कंट्रोलर एसएमपीएसच्या मोलेक्स किंवा साटा केबलवर चालतो. मदरबोर्डाला त्या फॅनचा पत्ताच नसतो, त्यामुळे पीसीवर काही काम चालू नसताना पण फॅन एकाच स्पीडने गुरगुरतात. एक फॅन गेला की तसलाच मिळत नाही आणि साधा फॅन त्या कंट्रोलरला लागत नाही. म्हणून विकत घेताना फॅनची वायर हातात घेऊन पिना मोजा, ३ किंवा ४ पिनचं साधं कनेक्टर असेल तर ठीक. असले सहा फॅन आणि साधे दोन चांगले फॅन यात मी डोळे झाकून दोन घेईन.

लाइटचं पण सांगून ठेवतो, एआरजीबी म्हणजे ५ व्होल्ट आणि तीन पिना, जुनं आरजीबी म्हणजे १२ व्होल्ट आणि चार पिना. ५ व्होल्टची लाइट जबरदस्तीने १२ व्होल्टच्या हेडरवर बसवली तर एलईडी जळतात, लगेच.

पायरी ४ : पत्रा, कडा, काच

कॅबिनेट रिकामं असताना सपाट टेबलावर ठेवा आणि वरच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर आलटून पालटून दाबा. डुलतंय का, वाकतंय का बघा. मग कव्हर काढा आणि मदरबोर्ड बसतो त्या पत्र्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा, आत जाऊन टक्कन बाहेर आला तर पत्रा पातळ आहे. चांगल्या कॅबिनेटचा पत्रा ०.७-०.८ मिमीच्या आसपास असतो, हलक्यांचा ०.५ किंवा त्याहून कमी. जड कूलर आणि दोन किलोच्या आसपासचं ग्राफिक कार्ड अशा पातळ पत्र्यावर टांगलं की मदरबोर्डच वाकतो. ४०००डी रिकामं असताना पावणेआठ किलोच्या आसपास भरतं, हातात घेतल्यावरच फरक कळतो.

कडांवरून बोट अगदी हळू फिरवा, कडा दुमडलेल्या पाहिजेत. कापलेली कड तशीच सोडली असेल तर असेंबल करताना हात कापतो आणि केबलचं वरचं प्लास्टिकही घासून जातं. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आतल्या बाजूला पण रंग आहे ना ते बघा, कारण गंज सगळ्यात आधी उघड्या कापलेल्या कडांना आणि स्क्रूंना धरतो. पावसाळ्यात पीसी आठवडे-आठवडे बंद न ठेवता अधूनमधून तासभर चालू करा, आत ऊब राहिली की दमट हवा पार्टवर बसत नाही.

मागचे स्लॉट कव्हर स्क्रूने लावलेत की वाकवून मोडून काढायचेत? मोडायचे असतील तर एकदा काढलं की ते भोक कायमचं उघडं. आणि आपल्याकडे उघड्या भोकातून नुसती धूळ येत नाही, पाली, झुरळं, मुंग्या सगळे आत ऊब शोधत येतात, पाल एसएमपीएसपर्यंत गेली तर शॉर्ट होऊ शकतो. सुटे स्लॉट कव्हर वेगळे विकत मिळतात, जुन्या कॅबिनेटला भोकं असतील तर आजच लावा.

आता काच. टफन काच समोरून बऱ्यापैकी मार खाते पण तिची कड नाजूक असते, आणि आपल्या घरातल्या सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल काचेपेक्षा कडक असतात. काच काढून टाइलवर उभी टेकवली, कोपरा हलकासा टेकला तरी अख्ख्या काचेचा एका क्षणात चुरा होतो. काच काढली की सरळ गादीवर किंवा गोधडीवर आडवी ठेवायची, लहान मुलं असतील तर दुसऱ्या खोलीत. ज्यांचा पीसी जमिनीवरच राहणार आहे त्यांनी काचेऐवजी पत्र्याचं किंवा जाळीचं साइड पॅनेल मिळत असेल तर तेच घ्यावं, मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

पायरी ५ : मागची बाजू आणि केबल

उजवीकडचं पॅनेल काढा. मदरबोर्डाच्या पत्र्यामागे किती जागा आहे ते मोजा. २० मिमीपेक्षा कमी असेल तर २४ पिनची जाड केबल आणि त्यावर पॅनेल बसवताना गुडघा लावावा लागतो आणि पॅनेल फुगतं. ४०००डी मध्ये साधारण २५ मिमी आहे आणि केबल जायला एक आच्छादलेली उभी वाट दिली आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू, पहिल्यांदा असेंबल करणाऱ्याला पण मागचं काम नीट जमतं. प्रोसेसरच्या वर डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणाऱ्या ८ पिनच्या केबलला भोक आहे का आणि त्यातून कनेक्टर जातो का ते बघा. ते भोक फार लहान असेल तर मदरबोर्ड बसवायच्या आधीच केबल ओढून ठेवावी लागते.

एसएमपीएस खाली बसत असेल तर त्याच्या खाली जाळी आणि काढता येणारा फिल्टर पाहिजे, आणि कॅबिनेटचे पाय निदान दोन सेंटिमीटर उंच पाहिजेत. गालिच्यावर किंवा सतरंजीवर ठेवलं तर ही जाळी बंद होते. ज्यांच्याबरोबर एसएमपीएस मोफत येतो अशी कॅबिनेट मात्र घेऊ नका. वर ४५० वॉट लिहिलेलं असलं तरी बहुतेकदा त्यात तेवढा दम नसतो आणि तो गेला तर एकटा जात नाही.

पायरी ६ : समोरचे पोर्ट

इथे ४०००डी मागे पडतं. एक साधा यूएसबी पोर्ट, एक टाइप-सी आणि हेडफोन-माइक दोन्हीला मिळून एकच जॅक. पेनड्राइव्ह आणि गेमपॅड एकावेळी लावणाऱ्याला हे खुपतं, आणि वेगवेगळ्या दोन पिनांचा जुना हेडफोन असेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे समोरच्या टाइप-सी साठी मदरबोर्डावर वेगळं हेडर लागतं, स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर ते नसतं, मग तो पोर्ट नुसता दिसायला. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्या.

पॉवरचं बटण दहा-पंधरा वेळा दाबून बघा, अडकतंय का. पुढेमागे ते बिघडलंच तर रीसेटच्या बटणाची वायर मदरबोर्डावर पॉवर स्विचच्या पिनांना लावा, पीसी रीसेटच्या बटणाने चालू होतो. कॅबिनेटला रीसेट बटण असण्याचा मला तरी सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

पायरी ७ : घरी आणल्यावर खरी टेस्ट

सगळं बसवलं, आता कॅबिनेट श्वास घेतंय का ते आकड्यात बघायचं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि फॅनचा स्पीड दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, एखादी जड गेम अर्धा तास चालवा आणि प्रोसेसरचं तापमान, कार्डचं तापमान आणि कार्डच्या फॅनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे), तिन्ही लिहा. मग फक्त फ्रंट पॅनेल काढून तेच परत करा. मग फ्रंट लावून फक्त काच काढून करा. खोलीतला एसी किंवा पंखा मधे बदलायचा नाही, नाहीतर सगळं फुकट.

आरपीएम का लिहायचा तर कार्ड स्वतःच फॅन जोरात पळवून तापमान सांभाळतं, त्यामुळे नुसतं तापमान बघितलं तर तिन्ही वेळा सारखंच दिसू शकतं आणि फरक सगळा आवाजात लपलेला असतो. नुसता फ्रंट काढल्यावर ५ डिग्री किंवा जास्त उतरलं, किंवा आरपीएम बराच पडला, तर दोष समोरच्या जाळीचा आहे, फिल्टर धुवा, तरीही तसंच असेल तर जास्त मोकळा फिल्टर लावा. फ्रंट काढून काही फरक नाही पण काच काढली की उतरतं, म्हणजे फॅन कमी आहेत किंवा उलटे लागलेत. फॅनची जी बाजू मोकळी, पाती पूर्ण दिसतात, तिथून हवा आत जाते आणि जिथे मोटर धरणारा आडवा सांगाडा दिसतो तिथून बाहेर येते, हे एकदा तपासाच, असेंबल करणाऱ्यांकडून पण उलटा फॅन लागतो.

आपल्याकडच्या धुळीसाठी आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे पुढे दोन किंवा तीन फॅन आणि मागे एक. मग जादाची हवा फटींमधून बाहेर जाते आणि धूळ फक्त फिल्टरवर अडकते. उलटं केलं तर प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. जवळ बांधकाम चालू असेल तर पुढचा फिल्टर दर दोन आठवड्यांनी, नाहीतर महिन्यातून एकदा, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा. आणि टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात पीसी कोंबू नका, मागून फळी असेल तर ती काढा, कितीही महागडं कॅबिनेट त्या कप्प्यात कोंडतं.

पायरी ८ : अर्थिंग, हे टाळू नका

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा टेस्टर पेटत असेल तर बहुतेक वेळा कॅबिनेट खराब नसतं, घराचं अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून बारीकसा करंट बॉडीवर येतो, तो अर्थिंगच्या पिनेतून जमिनीत जायला हवा, ती पिन जोडलेलीच नसेल तर मीटरवर बॉडीला शंभर-सव्वाशे व्होल्टही दिसतात. रबरी चप्पल घालून वापरणं हा उपाय नाही, इलेक्ट्रिशियनकडून तो पॉइंट तपासून घ्या आणि दोन पिनची पट्टी फेकून द्या. अर्थिंग नीट असूनही शॉक लागत असेल तर पीसी लगेच बंद करा आणि एसएमपीएस तपासा.

कॅबिनेटची चूक किती महागात पडू शकते याचं खरं उदाहरण पण आहे. एनझेडएक्सटीच्या एच१ या छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक कार्डची रायझर केबल (कार्डला मदरबोर्डाशी जोडणारी) ज्या स्क्रूंनी पत्र्याला जोडली होती तिथे शॉर्ट होऊन आग लागायचा धोका निघाला आणि २०२१ मध्ये ते परत बोलवावं लागलं. म्हणून असेंबल करताना जादाचे स्टँडऑफ (मदरबोर्ड पत्र्यापासून वर धरणारे पितळी खिळे) बोर्डाच्या खाली राहिले नाहीत ना, स्क्रू आत पडला नाही ना, हे पॉवर लावायच्या आधी बघाच.

सेकंड हँड घेत असाल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात किंवा ओळखीत चांगलं जुनं कॅबिनेट स्वस्तात मिळालं तर जरूर घ्या, पत्रा जुना होत नाही. फक्त तीन गोष्टी बघा. समोरच्या पोर्टच्या वायरी शेंड्यापर्यंत शाबूत आहेत का, कारण यूएसबीच्या जाड कनेक्टरची एक पिन वाकली तरी पोर्ट गेला. काचेच्या कडेला टवका उडालेला आहे का, असेल तर ती काच वापरू नका. आणि स्क्रूची पिशवी मिळतेय का, मदरबोर्ड आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कला बहुतेक वेळा जाड आट्याचा स्क्रू लागतो आणि अडीच इंची एसएसडीला बारीक आट्याचा एम३, चुकीचा स्क्रू जोर लावून पिळला की एसएसडीच्या आट्या जातात. पिशवी नसेल तर दोन्ही प्रकारचे दहा-दहा स्क्रू आणि चार-पाच स्टँडऑफ तिथेच दुकानातून घेऊन मगच निघा.